बासष्ट टक्के मेर्लो

नान्नजच्या पुढे, माळढोकांच्या राखीव माळाला लागून
बिराजदारांची अकरा एकर.
काळी माती नाही. मुरूम, त्याखाली चुनखडी,
पहार मारली की ठिणगी.
ज्वारीनंसुद्धा इथं नाक मुरडलं होतं.

तोडणीच्या टोळीतल्या केराबाईनं
पाटीवरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं, मग हसली:
"उन्हानं आमी मेलो, आन ह्येचं नाव मेर्लो!"
तेव्हापासून तो प्लॉट मेलो.
रजिस्टरातही एकदा तसंच उतरलं,
मी खोडलं नाही.

खायच्या द्राक्षासारखा मणी नाही हा.
इवलासा, सालीला जाड, बियांनी भरलेला.
शाळेतली पोरं एकदा तोंडात टाकून, थुंकून गेली,
परत आली नाहीत.
फेब्रुवारीत पहाटे तीनला तोडणी, कपाळाला बॅटऱ्या;
ऊन चढलं की गोडी पुढे पळते
आणि आंबटपणा मागे राहतो, दमलेल्या पोरासारखा.
दिवसा छत्तीस, रात्री चौदा.
मधल्या बावीस अंशांच्या फटीत
जे काही मुरतं ते मुरतं.

आज मिश्रण.
सात ग्लास, एक मोजपात्र, थुंकायला स्टीलचं तपेलं.
मेर्लो बासष्ट. कॅबर्ने तीस. शिराझ आठ.
मेर्लो एकटा चांगला वागतो, जरा जास्तच चांगला,
पहिल्या सणाला आलेल्या जावयासारखा,
आणि घोटाच्या मध्यावर गप्प होतो.
कॅबर्नेला बोलायला बसवलं तर उठत नाही.
साहेब म्हणाले, जमलंय.
मला शेवटाला काहीतरी उणं वाटत होतं.
काय, ते सांगता येईना.

खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन
तीत थोडं ओतलं, संध्याकाळच्या एसटीनं घरी आणलं.

नायना चौतीस वर्षं चादरीच्या कारखान्यात
रंगाच्या हौदावर होते.
दारूला कधी शिवले नाहीत.
बाटली ट्यूबलाइटसमोर धरली, हुंगली,
कोनाड्यातून पांढऱ्या सुताची लडी काढली,
वीतभर धागा बुडवला,
खिडकीच्या गजाला बांधला
आणि जेवायला बसले.
जेवण होईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

हात पुसून धागा चष्म्यापाशी नेला.
"कोंचेम नलुपु."
थोडं काळं.
टोकाशी लाल सुटा पडतोय, म्हणाले,
त्याला धरणारं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी शिराझ अकरावर नेला, कॅबर्ने सत्तावीस.
मेर्लोला हात लावला नाही.
साहेबांनी ग्लासांच्या चिठ्ठ्या न बघता
फिरवून फिरवून पाचवा उचलला.
तोच तो.
कुणी सुचवलं, विचारलं नाही त्यांनी;
अहवालात तसा रकानाही नाही.

रविवारी आईनं खिडकी पुसली
तेव्हा धागा साबणाच्या पाण्यात पडला
आणि निळा झाला.
फिका नव्हे. निळा.
नायना मनापासून हसले:
"पक्का नाही तुमचा रंग."

पक्का नसतोच, मी म्हणाले.
बाटलीतसुद्धा तो विटत जातो, विटकरी होतो,
लोक त्याचेच जास्त पैसे मोजतात.

चौतीस वर्षं त्यांनी एकच वचन विकलं होतं:
धुवा, वाळवा, जाणार नाही.
"विटल्याचे पैसे?" त्यांनी दोनदा विचारलं,
दुसऱ्यांदा माझ्याकडे न बघता.
मग धागा पिळला,
पुन्हा गजाला बांधला,
उन्हाच्या बाजूला.